लोणार सरोवर

लोणार सरोवर : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार गावालगत असलेले खारे व तीव्र अल्कधर्मी सरोवर. ते बेसाल्टातील (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकातील) जवळजवळ वर्तुळाकार विवरात असून विवराचा व्यास सु. १.८ किमी. व काठापासून खोली सु. १५० मी. आहे.

विवर ज्वालामुखीजन्य असावे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. भोवतालचा सारा खडक लाव्हाचाच असल्याने ते स्वाभाविकही होते. अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य नोंदविले. मात्र दोन्हींचे कारण त्यांनी वाफेचा स्फोट हेच मानले. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी येथील खडकांत मॅस्केलिनाइट हा काचरूप पदार्थ असल्याचे दाखविले. फेल्डस्पार हे खडकांत सर्रास आढळणारे खनिज प्रचंड आघातदाबाने न वितळताच काचरूप झाले, की मॅस्केलिनाइट बनते. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही, त्यामुळे अशनी (अवकाशातून आलेला खडक) आदळून विवर झाले, हे मत आता सर्वमान्य आहे. बेसाल्टातील हे जगातील एकमेव अशनी-विवर होय, हे विधान मात्र ब्राझीलमधील व्हिस्टा अलेग्रे व व्हार्जाओ ही विवरे पाहता टिकत नाही. ‘उत्तम अवस्थेत टिकलेले’ एवढेच म्हणणे योग्य.

वयाबाबत मतैक्य नाही. तापदीप्ती पद्धतीने (खनिज तापविल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून) ते सु. ५२,००० वर्षे येते. खडकात काळानुसार साचणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढणाऱ्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (२०११) सु. ५,७०,००० वर्षे, म्हणजे दहापटींहून जास्त. मूळ बेसाल्ट सु. साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्यातला जुना आर्गॉन आघाताने वितळून पुन्हा थिजलेल्या खडकात अडकून राहिल्यास वय फुगते. दुसरा आकडा ही चूक वजा करून काढलेला असल्याने तो अधिक ग्राह्य वाटतो. तथापि विवराबाहेर फेकल्या गेलेल्या खडकांच्या थराचा ताजेपणा कमी वयाच्या बाजूने जातो.

सरोवरात झऱ्यांचे गोडे पाणी येते. बाहेर वाट नसल्याने ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते व क्षार मागे साचतात. पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास असतो. एरवीचा हिरवा रंग मुख्यतः स्पिरुलिनासारख्या नील-हरित सूक्ष्मजीवांचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने याचे श्रेय हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याला दिले. आर्किया हे जीवाणूंहून वेगळे, सजीवांच्या तिसऱ्या अधिक्षेत्रातले (सर्वांत मोठ्या तीन गटांपैकी एकातले). नमुन्यातील जीव तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा रंगहीन झाले, ही साधी नोंद फार मोलाची आहे. रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, हे तिच्यावरून कळते. पातळी घटून क्षारता वाढणे हे या वाढीचे संभाव्य कारण मानतात.

तळगाळात मान्सूनचा इतिहासही साठला आहे. पाणी आटून क्षार दाट झाले, की गेलुसाइट या क्षारखनिजाचे स्फटिक तयार होतात. गाळाच्या गाभ्यात (तळातून उभा काढलेल्या नमुन्यात) ते व इतर खुणा तपासून सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन प्रदीर्घ कोरडे कालखंड ओळखले गेले (२०१४).

परिसर २००० पासून अभयारण्य व २०२० पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तरीही गावाचे सांडपाणी सरोवरात येत राहिले. त्याने क्षारता सौम्य होते व पोषकद्रव्ये वाढतात. सरोवरातील क्षारप्रिय सूक्ष्मजीवांना ते अपायकारक आहे.