केशिका विद्युत वर्णलेखनातील विलगनक्षमता

केसासारख्या बारीक सिलिकाच्या नळीत कण भरून, त्यांतून द्रावक पंपाऐवजी विजेच्या जोरावर वाहता करणे आणि त्यासोबत मिश्रणातले घटक वेगळे करणे, ही केशिका विद्युत वर्णलेखनाची (सीईसी) पद्धत. नळीतून बाहेर पडताना घटकाचा पट्टा किती अरुंद राहिला, यावर विलगनक्षमता ठरते. ती ‘सैद्धांतिक प्लेट’च्या संख्येत मोजतात : पीक (घटक बाहेर पडताना आलेखावर उमटणारे शिखर) येण्याच्या काळाला त्या शिखराच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीने भागायचे, त्याचा वर्ग करायचा आणि ५.५४ ने गुणायचे.

सारे इंगित प्रवाहात आहे. पंपाने ढकललेला द्रव रुंद फटींतून धावतो, अरुंद फटींत रेंगाळतो, आणि पट्टा पसरतो. सिलिकाच्या पृष्ठभागावर मात्र ऋण भार असतो आणि त्याला लागून द्रवात धन आयनांचा पातळ थर जमतो. वीज लावली की हा थर ऋणाग्राकडे सरकतो व सगळा द्रव सोबत ओढून नेतो. हा वेग फटीच्या रुंदीवर जवळजवळ अवलंबून नसतो, म्हणून पट्टा आखीव राहतो. आकड्यांत सांगायचे तर, ३ मायक्रोमीटर कणांच्या २५ सेंमी. स्तंभात (कणांनी भरलेल्या नळीत) प्लेटची उंची, म्हणजे स्तंभाची लांबी भागिले प्लेटची संख्या, कणाच्या व्यासाइतकी आली, तर सुमारे ८३ हजार प्लेट मिळतात. पंपाच्या चांगल्या स्तंभात ही उंची साधारण दुप्पट धरतात, म्हणजे प्लेट निम्म्या. शिवाय उलटा दाब साचत नसल्याने आणखी बारीक कण वापरता येतात. मर्यादा एवढीच की फट त्या भारित थरापेक्षा बरीच रुंद हवी. १ मिलिमोलर बफरात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारयुक्त द्रवात) थराची जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही.

प्रिटोरियस व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वर्णलेखनात असा प्रवाह वापरला. जॉर्गन्सन व लुकाक्स यांनी १९८१ मध्ये तो भरलेल्या केशिकेत आणला. नॉक्स व ग्रँट यांनी पुढे त्याचा सैद्धांतिक पाया घातला.

प्रत्यक्षात क्षमता बिघडते ती बहुधा फ्रिटपाशी. कण अडवून धरणारी ही जाळीदार गाठ तापवून तयार करतात, त्यामुळे तिथला पृष्ठभाग बदलतो आणि प्रवाहाचा वेगही. तिथेच बुडबुडा धरतो. मीटरवरचा विद्युतप्रवाह एकाएकी खाली येतो, स्तंभ कोरडा पडतो. म्हणून दोन्ही टोकांच्या बफरकुप्यांवर दाब ठेवतात. फ्रिटच नको म्हणून एकसंध सच्छिद्र, म्हणजे मोनोलिथ स्तंभही पुढे आले.

१९९५ मध्ये स्मिथ व इव्हान्स यांनी आम्लारिधर्मी औषधांसाठी मीटरमागे लाखो प्लेट नोंदवल्या. धन आयन विनिमय करणाऱ्या कणांवर पट्टे जणू वाटेतच आवळले गेले होते. असा आकडा साध्या पीकच्या आकड्याशेजारी मांडू नये. ५.५४ चे सूत्र पट्टा सारख्या गतीने आणि आपोआप पसरत येतो असे गृहीत धरते, आणि इथे तसे घडलेलेच नसते.