खवळलेल्या पाण्यासाठी रिब बोटीचा आकार

रिब म्हणजे टणक तळाची आणि भोवती हवेने फुगवलेली ट्यूब असलेली उघडी, वेगवान मोटरबोट. नौदल, तटरक्षक दल, बचाव पथके आणि पाण्यात पाहणी करणाऱ्या संस्था ती वापरतात, शिवाय हौसेने बोट बाळगणारेही. ठाणे खाडी, पनवेल खाडी आणि त्यापुढचे मुंबई बंदराचे पाणी एकमेकांना लागून आहे, पण त्यांचा स्वभाव एक नाही. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत ‘किती मीटरची घ्यावी’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. बोट निवडायची ती निघतानाच्या पाण्यावरून नव्हे, तर परतताना भेटू शकणाऱ्या सर्वांत वाईट पाण्यावरून. लांबीचा विचार त्यानंतर, तोही तळाचा कोन आणि ओझे यांच्या सोबतीने करायचा.

उगम

वेल्समधील अटलांटिक कॉलेजमध्ये १९६० च्या दशकात ही बोट आकाराला आली. कॉलेजचे पहिले मुख्याध्यापक, रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होअर आणि त्यांचे विद्यार्थी बचावासाठी रबरी बोटी वापरत. गोट्यांच्या किनाऱ्यावरून ओढताना कापडी तळ झिजे, म्हणून त्यांनी खाली प्लायवूड लावून पाहिले. पुढे त्याला व्ही आकार आला आणि बोट लाट कापू लागली. होअर यांनी या रचनेचे पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला, आरएनएलआयला, १ पाउंडात देऊन टाकले. संस्थेची ‘अटलांटिक २१’ ही रिब १९७२ मध्ये सेवेत आली. तिची लांबी सात मीटरच्या आसपास होती. आजची ‘अटलांटिक ८५’ सव्वाआठ मीटरच्या पुढे गेली आहे. मात्र याच संस्थेकडे पाच मीटरची, टणक तळ नसलेली फुगीर बोटही आहे आणि ती किनाऱ्यालगत फुटणाऱ्या लाटांत, खडकांच्या बेचक्यांत जाते. तिथे चटकन वळणे जास्त मोलाचे असते, म्हणून लहान बोट म्हणजे दुबळी बोट असे समीकरण मांडता येत नाही.

कागदावरची लांबी

विक्रेत्याच्या पत्रकातली लांबी ही नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या भागाच्या, टोकापासून ट्यूबच्या मागच्या शंकूंपर्यंतची असते. हे शंकू इंजिन टांगायच्या फळीच्याही मागे जातात. त्यांत हवा असते, पण माणसाला त्या जागेचा उपयोग नाही आणि धावताना तळाचा तो भाग पाण्यात नसतो. रुंदीचेही तसेच. बाहेरून २.४ मीटर रुंद असलेल्या बोटीला दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरची ट्यूब असेल, तर आत १.४ मीटरच उरतात. सुकाणूचा कन्सोल, दोन जणांची बैठक, इंधनाची टाकी आणि नांगर एवढ्यातच मावायला हवा. तेवढ्याच लांबीच्या साध्या फायबर बोटीत चढून मग रिबमध्ये पाय ठेवणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. म्हणून तुलना करायची तर आतली लांबी-रुंदी मोजूनच करावी.

ट्यूब जागा खाते, पण तरंगशक्तीही तीच देते. अर्धा मीटर व्यासाची ट्यूब दोन्ही बाजूंनी आणि नाळेवरून मिळून १२ मीटर भरली, तर तिचे आकारमान २.३ घनमीटरच्या वर जाते. म्हणजे बोट पाण्याने काठोकाठ भरली तरी दोन टनांहून जास्त भार उचलायची ताकद शिल्लक राहते. ट्यूब एकमेकींपासून बंद कप्प्यांत विभागलेली असते, त्यामुळे एक कप्पा फाटला तरी बाकीचे टिकतात. नीट बसवलेली ट्यूब बोट थांबलेली असताना पाण्याला टेकते आणि बोट वेगात धावू लागली की पाण्याच्या किंचित वर राहते. ती धावतानाही पाण्यात घासत असेल, तर बोट जादा लादलेली आहे किंवा ट्यूब मुळातच खाली बसवली आहे.

इथले पाणी

ठाणे खाडी वाशीपाशी दोनएक किलोमीटर रुंद आहे. ऐरोलीकडे ती अरुंद होत जाते, आणि ओहोटीला दोन्ही काठांवर चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. इथे वाऱ्याला लाट उभी करायला लांब पल्ला मिळत नाही, त्यामुळे आखूड, चिडक्या लाटा येतात. बोटीला खरा धोका लाटांपेक्षा उथळ पाण्याचा, डोल जाळ्यांच्या खुंटांचा आणि पंख्यात गुरफटणाऱ्या प्लॅस्टिकचा. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे वेगाने बोट हाकण्याला जागाच नाही.

अटल सेतूच्या दक्षिणेला चित्र पालटते. न्हावा-शेवा, घारापुरी आणि भाऊचा धक्का यांच्यामध्ये पाणी मोकळे आहे आणि पश्चिमेचा वारा त्यावरून काही किलोमीटर विनाअडथळा धावतो. १० किलोमीटरच्या पट्ट्यावर २० नॉटचा (ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा) वारा टिकून राहिला, तर लाटांच्या सर्वसाधारण गणितानुसार अर्धा ते पाऊण मीटर उंचीची, तीन सेकंदांच्या अंतराने येणारी लाट तयार होते. खोल पाण्यातल्या लाटेची मीटरमधली लांबी काढायला सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचे, म्हणजे इथे सुमारे १४ मीटर येते. उंची ऐकून कुणी घाबरणार नाही. पण २० नॉट वेगाने समोरून जाणाऱ्या बोटीला अशी लाट जवळजवळ दर सेकंदाला एक भेटते. बेलापूरहून भाऊच्या धक्क्याकडे भर दुपारी निघालेल्या बोटीला वाटेतल्या १० किलोमीटर उघड्या पट्ट्यात अशा हजाराच्या आसपास लाटा लागतात. पाच मीटरची बोट त्यांतल्या प्रत्येक खळग्यात शिरते आणि प्रत्येक माथ्यावरून उडते. साडेसात मीटरची बोटही हलते, पण तिच्या नाळेखाली पुढची लाट लवकर येते आणि ती कमी उंचीवरून पडते. वरच्या खाडीतल्या आठेक मीटर लांबीच्या लाटांवरून मात्र हीच मोठी बोट जवळजवळ सपाट जाते.

सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात पाणी नितळ असते आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा चढतो. उन्हाळ्यात तर हा रोजचाच क्रम. सकाळच्या पाण्यावर बोटीची चाचणी घेऊन ती विकत घेणारे पुष्कळ, आणि इथली बहुतेक चुकीची निवड तिथेच होते.

त्यावर भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याच्या पातळीतला फरक साडेतीन-चार मीटर आणि कधी त्याहून जास्त असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो निम्म्याहूनही कमी होतो. उधाणाची ओहोटी जोरात बाहेर निघालेली असताना नैऋत्येचा वारा तिच्या तोंडावर आला, की लाट आखडते आणि उभी राहते. उंची फार न वाढताही तिचा उतार कड्यासारखा होतो, आणि बोटीला त्रास होतो तो याच उताराचा. वारा तोच, बोट तीच, पण दोन तासांनी प्रवाह फिरल्यावर पाणी सुसह्य होते. त्यामुळे कित्येकदा अर्धा मीटर मोठी बोट घेण्यापेक्षा भरतीचे कोष्टक पाहून निघणे स्वस्त पडते. कोळीवाड्यातला कोणताही तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, हेच सांगेल.

तळाचा कोन

लांबीइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा असतो तळाचा व्ही. पिछाडीला आडव्या रेषेपासून मोजलेला २२ ते २४ अंशांचा खोल व्ही असलेला तळ पाण्यात चिरत उतरतो. १५ अंशांचा पसरट तळ पाण्यावर थापटला जातो. आदळण्याचा जोर पडण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग थोडा उतरवला तरी पाठीला लगेच बरे वाटते. सव्वासहा मीटरची खोल तळाची बोट सात मीटरच्या पसरट तळाच्या बोटीपेक्षा बंदरातल्या दुपारी सरस ठरू शकते. किंमत मोजावी लागते ती इंधनात आणि थांबलेल्या अवस्थेत. खोल व्ही उभा असताना जास्त डुलतो आणि त्याला पाण्यावर चढायला जास्त ताकद लागते. उथळ पाण्यातही तो आधी टेकतो.

वेगवान बोटींवर रोज काम करणाऱ्यांत मणक्याच्या दुखापती सर्वज्ञात आहेत. म्हणून घोड्यावर बसल्यासारख्या, पायांनी धरता येणाऱ्या बैठका किंवा धक्का शोषणाऱ्या सीट हा चैनीचा भाग समजू नये. त्या बसवायला जागा लागते आणि इथे लांबीचा प्रश्न पुन्हा येतो. साडेपाच मीटरच्या बोटीत अशा दोन-तीन बैठका नीट बसतात, सहा बसवायच्या म्हटल्या तर पाय ठेवायला जागा राहत नाही. नाळेवरच्या ट्यूबवर बसून जाणारा प्रवासी हा खवळलेल्या पाण्यातला पहिला जखमी ठरण्याची शक्यता सर्वाधिक असते.

ओझे आणि इंजिन

साडेपाच मीटरच्या रिबचे रिकामे वजन ढोबळमानाने अर्धा टन. ९० अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन दीडशे किलोच्या पुढे. १०० लिटर पेट्रोलचे ७५ किलो. त्यात ७५ किलोंचा एक याप्रमाणे सहा माणसे चढली की ४५० किलो आणखी. म्हणजे एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त वजन हा चढ-उतार करणारा, बसल्या जागेवरून सरकणारा भार झाला. आठ मीटरच्या बोटीत त्याच सहा जणांचा हिस्सा पुष्कळच कमी असतो, म्हणून ती कमी लहरी वाटते. उत्पादकाच्या पाटीवर लिहिलेली माणसांची संख्या ही कमाल मर्यादा आहे. खवळलेल्या पाण्यासाठी तिच्या निम्म्यावर हिशेब धरणे शहाणपणाचे.

कमी ताकदीचे इंजिन बोटीला लाटेच्या पाठीवर चढवू शकत नाही आणि मागून येणारी लाट तिला गाठते. याउलट हलक्या, आखूड बोटीवर अवजड इंजिन लावले तर नाळ वर उठते. समोरच्या वाऱ्यात माथ्यावरून उडताना ती मागे उलटण्याचा धोका खरा असतो. दोन इंजिने बसवायची तर साधारण सात मीटरपासून पुढे, त्याखाली पिछाडीवर नाहक भार होतो. इंधनाचा जुना नियम इथेही चालतो : एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, उरलेले राखीव. खवळलेल्या पाण्यात खप वाढतो, त्यामुळे लहान टाकीची बोट इतर बाबतींत चांगली असूनही नापास होऊ शकते. सुकाणूवाल्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली असणे हे कोणत्याही आकाराच्या बोटीत सारखेच अनिवार्य.

प्रतवारी

फुगीर बोटींसाठी आयएसओ ६१८५ हे मानक आहे. १५ किलोवॉट व त्यावरच्या इंजिनाच्या, आठ मीटरपेक्षा आखूड बोटी त्याच्या तिसऱ्या भागात येतात आणि आठ ते २४ मीटरच्या चौथ्या भागात. युरोपीय नियमांनुसार बोटीला ए ते डी अशी श्रेणी मिळते. सी श्रेणी वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापावर ६ पर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतची लाट गृहीत धरते, तर बी श्रेणी बोफर्ट ८ आणि चार मीटर. ही लाट ‘लक्षणीय उंची’ची, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांच्या सरासरीची, असते. त्याच पाण्यात एखादी लाट जवळपास दुप्पट येऊ शकते. शिवाय श्रेणी सांगते ती बोट तग धरेल का एवढेच. आतली माणसे कोणत्या अवस्थेत उतरतील हे ती सांगत नाही.

ठाणे-नवी मुंबईपुरते ढोबळ माप असे काढता येते. वाशीच्या उत्तरेची खाडी, किंवा गायमुख-कोलशेतच्या बाजूची उल्हास खाडी, यांसाठी साडेचार ते साडेपाच मीटर पुरते आणि चिखलातून बाहेर ढकलायलाही तीच बरी. बेलापूर-नेरूळहून बंदर ओलांडायचे असेल तर सहा मीटरच्या खाली जाऊ नये. वर्षभर, ठरल्या वेळी, वारा असो-नसो जायचे असेल तर सात-साडेसात मीटर आणि खोल तळ हवा. बंदराच्या तोंडाबाहेर, रेवस-मांडव्याच्याही पलीकडे नियमित काम असेल तर आठ मीटर व त्यापुढे, दोन इंजिनांसह. मोठ्या बोटीची दुसरी बाजूही असते. तिला ओहोटीला धक्क्याशी आणता येत नाही, ट्रेलरवर नेणे जड जाते, आणि फुगलेल्या ट्यूबना वारा धरत असल्याने गर्दीच्या जेट्टीवर ती एकट्याने सांभाळणे कठीण असते. पावसाळ्याच्या ऐन भरात हौशी सफरीसाठी यांपैकी कोणतेही माप लागू नाही.

पुराचे पाणी वेगळेच. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांच्या सुटकेत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या साध्या रबरी बोटी उपयोगी पडल्या. रुळ, झुडपे आणि कुंपणाच्या तारांवरून जाणाऱ्या, कमरेएवढ्या पाण्यात खोल व्हीचा तळ अडकला असता. खवळलेल्या समुद्रासाठी घेतलेली रिब पुरातही चालेल, असे गृहीत धरून पथकासाठी एकच बोट खरेदी करणे चूक आहे.

ट्यूब आणि ऊन

ट्यूब हायपॅलॉन जातीच्या रबरी कापडाची, पीव्हीसीची किंवा पॉलियुरेथेनची असते. कोकणच्या उन्हात हायपॅलॉन जास्त वर्षे टिकते. पीव्हीसी स्वस्त असते, पण त्याचे सांधे उष्णतेने लवकर सुटतात. दाब सहसा ०.२ बारच्या आसपास ठेवतात. सकाळी २५ अंशांना तेवढी भरलेली ट्यूब ४० अंशांपर्यंत तापली, की आतला दाब सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. बोट पाण्यात उतरली की तो पुन्हा घसरतो आणि ट्यूब ढिली पडते. ढिली ट्यूब लाटेत दुमडते. म्हणून पंप बोटीतच ठेवावा आणि दाब पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावा. जेट्टीच्या पायऱ्यांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. तिथे लागायचे तर ट्यूबच्या बाहेरून जाड रबरी पट्टी हवीच.