जुन्या कागदांचं जतन (मुंबई)

जुनी पुस्तकं, दप्तरं, नकाशे, हस्तलिखितं खराब होऊ नयेत आणि झालीच तर नीट दुरुस्त व्हावीत, हे जतनाचं काम, पण मुंबईत त्यातला निम्मा जीव दमट हवेशी झगडण्यातच जातो. हवेतला ओलावा ६५-७० टक्क्यांवर गेला की बुरशी धरते आणि इथे जुलैत तो बहुतेक ८० च्या पुढेच असतो, वर कसर, वाळवी, झुरळं आहेतच.

गंमत अशी की जास्त जुनं ते जास्त टिकतं. बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेले मोडी कागद बरेचदा धडधाकट निघतात, कारण हातकागद चिंध्या-तागाचा. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळ घातलेला स्वस्त कागद आला आणि त्यातलं आम्ल त्यालाच खात सुटलं, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या पेपरचा कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो.

त्यावर उपाय चक्क चुन्याची निवळी! आधी शाईवर पाण्याचा थेंब टाकून टिपकागदाने टिपून बघतात, शाई उतरली तर पान भिजवायचंच नाही. नाही उतरली तर पान निवळीत बुडवतात, आम्ल मरतं, थोडा चुना कागदात उरतो तो पुढेही कामी येतो, मग सुकवून फाटल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) खळीने लावतात. खळच का, तर ती ओल लावून परत सोडवता येते. सेलोटेपचा गोंद मात्र पिवळा होऊन कागदात मुरतो. आमच्याकडे आजोबांची चाळीतल्या खोलीची पावती कोणीतरी हौसेने गरम लॅमिनेट करून आणली, आता ती बाहेर काढायची म्हणजे पावतीच जाणार.

शहरात असा ठेवा बराच आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी दप्तरांचं ठिकाण, त्याची सुरुवात १८२१ च्या रेकॉर्ड ऑफिसपासूनची. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, १८०४ ची, तिथे इटालियन कवी दान्तेच्या काव्याचं हस्तलिखितही आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं.

घरी पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. मध्ये टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला, आणि हे दोन दिवसांच्या आत, नंतर बुरशी येतेच. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर तेवढाही वेळ नाही, पानं एकमेकांना चिकटून वीटच होते.