शिंपल्याचं हत्यार आणि त्याची म्यान

निपाणी-चिकोडीकडच्या औषध दुकानांत हल्ली ‘अँटिऑक्सिडंट घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा’ असं छापलेले डबे दिसतात. जणू जंतू मारायचं काम अँटिऑक्सिडंटच करतं! मलप्रभेच्या गाळात अर्धवट रुतून बसणाऱ्या शिंपल्याच्या अंगात मात्र नेमकं उलट घडतं.

शिंपला कल्ल्यांतून पाणी गाळून पोट भरतो. त्या पाण्याबरोबर एरोमोनाससारखे जीवाणूही आत येतात. आपल्यासारखी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्याच्याकडे नाहीत, मुख्य भिस्त रक्तपेशींवर. पेशी जीवाणूला गिळते आणि तिच्या पटलातलं एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवतं. तयार होतो सुपरऑक्साइड. जंतूंवर उगारलेलं हत्यार ते हे, म्हणजे चक्क ऑक्सिडंट, दुसऱ्या रेणूंचे इलेक्ट्रॉन ओढून त्यांची नासधूस करणारा पदार्थ!

पण त्याला आपलं-परकं कळत नाही. उसाचं पाचट पेटवताना शेजाऱ्याचा फड वाचवायला बांधावर पाणी लागतंच की. ते पाणी म्हणजे अँटिऑक्सिडंट, इथे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये त्याचं काम उलगडलं. याच्या एका प्रकारात मधोमध तांब्याचा आयन असतो. तो एका सुपरऑक्साइडकडून जादा इलेक्ट्रॉन काढून घेतो, त्याचा साधा ऑक्सिजन होतो. मग तोच इलेक्ट्रॉन दुसऱ्या सुपरऑक्साइडला देतो. दोन प्रोटॉन येऊन मिळतात, हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि तांबं पुन्हा होतं तसं. पेरॉक्साइडही घातकच. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं कॅटलेज हे दुसरं विकर. कच्च्या बटाट्याच्या कापावर दुकानातलं पेरॉक्साइड टाका, फसफसून फेस येतो. ती कॅटलेजचीच करामत.

संसर्ग झाला की शिंपल्यात ही विकरं बहुधा वाढतात. जंतूंचा जोर टिकला तर ती कमी पडतात आणि पेशीपटलातली मेदाम्लं जळाल्याची खूण, मॅलोनडायअल्डिहाइड, वाढत जाते.

तोल महत्त्वाचा, ढीग नव्हे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला: बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त!

शेततळ्यात मोती पिकवायच्या जाहिरातींना भुललेल्यांनीही हे ध्यानात घ्यावं. स्वातीचा थेंब पडून मोती होत नाही. शिंपला किंचित उघडून आत केंद्रक, म्हणजे मोत्याचा गाभा होणारा मणी, बसवावं लागतं, म्हणजे जखम आली आणि जंतूंना वाट मिळाली. म्हणून त्यानंतर काही दिवस शिंपले अँटिबायोटिकच्या पाण्यात ठेवतात आणि मेलेले रोज वेचून काढतात.