अल कायदा आणि आयसिस: मूळ एकच, हिंसेचे आलेख वेगळे

जानेवारी 2015 मध्ये पॅरिसमध्ये तीन दिवस रक्तपात चालला होता. 7 तारखेला कुआशी आडनावाच्या दोन भावांनी ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकावर हल्ला करून 12 जणांना ठार केलं. पुढच्या दोन दिवसांत त्यांच्याच ओळखीच्या आमेदी कुलिबाली याने एका पोलीस तरुणीला मारलं आणि नंतर ज्यूंच्या किराणा दुकानात शिरून चौघांचा जीव घेतला. दोन्ही हल्ले एकमेकांना धरून होते. पण भावांनी नाव घेतलं येमेनमधल्या अल कायदाचं, आणि कुलिबालीने चित्रफितीत निष्ठा जाहीर केली ती आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी याच्यावर. तोवर या दोन संघटना सीरियात एकमेकींची माणसं मारत होत्या.

आपल्याकडच्या बातम्यांत ही दोन नावं बहुतेक वेळा जोडीनेच येतात, जणू एकाच गोष्टीची दोन नावं. दोघींची विचारधारा एकाच कुळातली आहे आणि दोघींच्या हातांना निरपराधांचं रक्त लागलेलं आहे, हे खरंच. तरीही कोणत्या देशात हिंसा कधी वाढली, कधी ओसरली आणि कुठे ती वर्षानुवर्षं मुरली हे समजून घ्यायचं असेल, तर त्यांना वेगळं ओळखावंच लागतं. नाहीतर आकडे नुसते डोळ्यांसमोरून जातात.

अल कायदाची स्थापना 1988 मध्ये पेशावरमध्ये झाली. ओसामा बिन लादेनचा हिशोब असा होता की अरब देशांतल्या राजवटी अमेरिकेच्या टेकूवर उभ्या आहेत, तेव्हा घाव आधी अमेरिकेवर घालायचा. म्हणून 1998 मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलामच्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. त्यात 224 माणसं गेली आणि त्यातली बहुतेक आफ्रिकी होती. मग 2000 मध्ये येमेनमधल्या एडनच्या बंदरात अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला झाला आणि 11 सप्टेंबर 2001 रोजी 2,977 बळी गेले. या काळातल्या आलेखात मोजकेच सुळके दिसतात. वर्षानुवर्षं तयारी, एक प्रचंड घाव, पुन्हा शांतता. लक्ष्य दूरचं असायचं आणि संघटना छोटी.

आयसिसचा जन्म वेगळ्या मातीत झाला. जॉर्डनचा अबू मुसाब अल-झरकावी हा तुरुंगातून आलेला गुंड प्रवृत्तीचा माणूस. 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केलं, सद्दामची राजवट पाडली, सैन्य बरखास्त केलं, आणि झरकावीला हवी ती पोकळी तयार मिळाली. त्या ऑगस्टमध्ये त्याने बगदादमधलं संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय उडवलं. त्याच महिन्यात नजफमध्ये इमाम अलींच्या मशिदीबाहेर शिया धर्मगुरू मोहम्मद बाकिर अल-हकीम यांना बॉम्बस्फोटात मारलं गेलं. पहिले बळी परकी संस्थेतले आणि दुसरे शिया. अमेरिकेशी लढणं त्याला हवं होतंच, पण इराकमध्ये शिया-सुन्नी यादवी पेटवणं हा त्याचा खरा डाव होता. सुन्नी घाबरले की आपल्या आसऱ्याला येतील, असं त्याचं गणित होतं.

ऑक्टोबर 2004 मध्ये त्याने बिन लादेनवर निष्ठा जाहीर केली आणि त्याची टोळी अल कायदाची इराक शाखा झाली. पण हे लग्न पहिल्यापासून बिनसलेलं होतं. जुलै 2005 मध्ये अल कायदाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता आयमन अल-जवाहिरी याने झरकावीला लिहिलेलं एक पत्र अमेरिकेने नंतर प्रसिद्ध केलं. झरकावीच्या गटाने ते बनावट ठरवलं, पण अभ्यासक ते सहसा खरंच मानतात. त्यात जवाहिरी विचारतो की सामान्य शियांना मारून काय साधणार, आणि ओलिसांचे गळे कापण्याची दृश्यं सामान्य मुसलमानांना कशी पटतील. हा आक्षेप दयेपोटी नव्हता. लोक दुरावतील, ही त्याची भीती होती. झरकावीने ऐकलं नाही. त्याच सप्टेंबरमध्ये त्याने शियांविरुद्ध उघड युद्ध पुकारलं आणि नोव्हेंबरमध्ये जॉर्डनची राजधानी अम्मानच्या हॉटेलांत स्फोट घडवले. त्यातल्या एका हॉटेलात लग्नाचा समारंभ चालू होता.

पुढच्या सगळ्या फरकांचं बीज या भांडणात आहे. अल कायदाला लोकांची मूक संमती हवी असते आणि त्यासाठी ती थांबायला तयार असते. आयसिसला राज्य हवं असतं, तेही आत्ता, आणि दहशत हेच तिचं राज्य करण्याचं साधन.

2006 मध्ये झरकावी मारला गेला. त्याच वर्षी त्याच्या वारसांनी ‘इराकचं इस्लामिक राज्य’ घोषित केलं. सीरियात यादवी सुरू झाल्यावर या संघटनेचा तेव्हाचा प्रमुख बगदादी याने आपली माणसं तिकडे पाठवली. त्यांचा प्रमुख होता अबू मोहम्मद अल-जोलानी. एप्रिल 2013 मध्ये बगदादीने इराक आणि सीरियातल्या दोन्ही संघटना एक होऊन आयसिस झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा जोलानीने नकार देऊन, तोवर अल कायदाचा प्रमुख झालेल्या जवाहिरीवर थेट निष्ठा जाहीर केली. फेब्रुवारी 2014 मध्ये अल कायदाने आयसिसशी संबंध तोडले आणि भाऊबंदकी रणांगणावर आली. या जोलानीची पुढची वाट विलक्षण आहे: 2016 मध्ये तो अल कायदापासूनही वेगळा झाला, डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या फौजा दमास्कसमध्ये शिरल्या, आणि आज तो अहमद अल-शरा या मूळ नावाने सीरियाचा राष्ट्राध्यक्ष आहे.

आता इराकचा आलेख बघा. ‘इराक बॉडी काउंट’ या नोंदप्रकल्पानुसार 2006 मध्ये तिथे सुमारे 29 हजार नागरिक हिंसेत मेले. यात शिया टोळ्या, परकी सैन्य, सगळ्यांनी घेतलेले बळी आले. 2011 मध्ये हाच आकडा चार हजारांच्या आसपास होता. मधल्या काळात पश्चिम इराकमधल्या अन्बारच्या सुन्नी जमातींनी स्वतःच या अतिरेक्यांविरुद्ध शस्त्र उचललं, अमेरिकेने त्यांना पगार दिला आणि जादा सैन्य आणलं. मग बगदादच्या सरकारने त्याच जमातींना वाऱ्यावर सोडलं आणि सुन्नी नेत्यांच्या मागे चौकशा लावल्या. जुलै 2013 मध्ये अबू गरेबचा तुरुंग फोडून शेकडो कैदी पळाले. जून 2014 मध्ये मोसुल पडलं, खिलाफत जाहीर झाली, ऑगस्टमध्ये सिंजारमध्ये यझिदी या अल्पसंख्याक धर्मपंथाचा वंशसंहार सुरू झाला, आणि वर्षाचा आकडा 20 हजारांवर गेला. जगभरातल्या दहशतवादी बळींचा आलेखही त्याच वर्षी सर्वोच्च टोकाला होता. 2017 मध्ये मोसुल आणि सीरियातलं रक्का हातचे गेले, मार्च 2019 मध्ये सीरियातलंच बागूज हे शेवटचं ठाणं पडलं, आणि इराकचा त्या वर्षीचा आकडा अडीच हजारांच्या आत आला.

विचार तोच राहिला, पण जमीन गेली तसा आकडाही कोसळला. आयसिसची हिंसा तिच्या ताब्यातल्या प्रदेशाला बांधलेली असते, म्हणून ती डोंगरासारखी चढते आणि कड्यासारखी उतरते. अल कायदाच्या शाखांचं तसं नाही. सोमालियाची अल-शबाब 2012 पासून उघडपणे अल कायदाची आहे. 2011 मध्ये तिला राजधानी मोगादिशूतून हाकललं, तिचा प्रमुख 2014 मध्ये मारला, आफ्रिकी देशांचं सैन्य वर्षानुवर्षं तैनात ठेवलं, तरी ती खेड्यापाड्यांत कर गोळा करते आणि तंटे सोडवते. तिच्या आलेखाला मोठी चढउतार नाही, तो नुसता चालूच राहतो.

जबाबदारी घेण्याच्या पद्धतीतही हाच फरक दिसतो. डिसेंबर 2013 मध्ये येमेनच्या अल कायदाने सनामधल्या संरक्षण खात्याच्या आवारावर हल्ला केला. त्यातल्या एका हल्लेखोराने तिथल्या इस्पितळात रुग्ण आणि डॉक्टरांना मारलं. त्याची दृश्यं दूरचित्रवाणीवर दिसली, लोक खवळले, आणि संघटनेने चक्क माफी मागितली. ऑक्टोबर 2017 मध्ये मोगादिशूतल्या ट्रकबॉम्बमध्ये पाचशेहून अधिक माणसं मेली. बोट अल-शबाबकडे होतं, पण तिने जबाबदारी कधीच घेतली नाही. याउलट जुलै 2016 मध्ये बगदादच्या करादा भागात रमजानच्या रात्री खरेदीला आलेल्या तीनशेहून अधिक लोकांचा बळी गेला, तेव्हा आयसिसने लगेच जबाबदारी घेतली आणि लक्ष्य शिया होते असं अभिमानाने सांगितलं. त्याच महिन्यात फ्रान्सच्या नीसमध्ये ट्रकखाली 86 जण चिरडले गेले आणि जगभरच्या वाहिन्या तिकडे वळल्या. करादा दोन दिवसांत मागे पडलं. या हिंसेत सर्वाधिक मेले ते मुसलमान, आणि तेच सर्वांत कमी दिसले. मला याचा त्रास होतो. युरोपातले हल्ले भीषण होतेच, पण आलेखात युरोपचा वाटा फार छोटा आहे.

अल कायदा लोकांना जपते आणि आयसिस जपत नाही, हा नियम सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, आणि नायजेरियात तर तो उलटाच होतो. बोको हरामचा अबू बकर शेकाऊ याने मार्च 2015 मध्ये बगदादीवर निष्ठा जाहीर केली. पण तो मुलींच्या अंगाला बॉम्ब बांधून बाजारात आणि मशिदीत पाठवत होता, आणि मुसलमानांनाच इतकं मारत होता की आयसिसलाही ते जास्त वाटलं. 2016 मध्ये त्याच्या जागी दुसरा नेता नेमला गेला आणि संघटना फुटली. नवा गट चाड सरोवराच्या काठी मच्छीमार आणि शेतकऱ्यांकडून कर घेऊन बस्तान बसवू लागला, म्हणजे वागणं अल कायदासारखं आणि पाटी आयसिसची. 2021 मध्ये त्याच गटाने घेरल्यावर शेकाऊने स्वतःला उडवून घेतलं.

आज मात्र या सगळ्या हिंसेचं केंद्र साहेल आहे. माली, बुर्किना फासो आणि नायजर हे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचे देश. जागतिक दहशतवाद निर्देशांकानुसार 2024 मधल्या दहशतवादी बळींपैकी निम्म्याहून अधिक एकट्या साहेलमधले होते. 2007 मध्ये हा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता. सुरुवात झाली 2011 मध्ये लिबियात गद्दाफी पडल्यावर. तिथली शस्त्रं आणि लढवय्ये मालीत उतरले, 2012 मध्ये उत्तर माली हातातून गेली, 2013 मध्ये फ्रान्सने हस्तक्षेप करून शहरं परत घेतली. पण खेडी परत आली नाहीत. गुराखी फुलानी आणि शेतकरी डोगोन यांच्यात चराई आणि पाण्यावरून जुने तंटे होते. अमादू कूफा नावाच्या फुलानी धर्मोपदेशकाने त्यात हात घातला. मार्च 2017 मध्ये तो आणि तुआरेग जमातीचा नेता इयाद अग घाली यांचे गट एकत्र येऊन जेएनआयएम ही अल कायदाची शाखा झाली. सरकारी सैन्य आणि गावटोळ्यांनी फुलानींना सरसकट दहशतवादी ठरवून मारलं. मार्च 2019 मध्ये मालीच्या ओगोसागू गावात दीडशेहून अधिक फुलानी मारले गेले. जेएनआयएमला भरतीसाठी यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं.

शेजारीच आयसिसची शाखा होती. काही वर्षं दोघी एकमेकींच्या वाटेला गेल्या नाहीत. जगात इतरत्र त्या लढत असताना साहेलमध्ये शांतता होती, कारण लढवय्ये एकाच जमातीचे, नात्यातले. 2020 च्या सुरुवातीपासून तेही संपलं. मार्च 2021 मध्ये नायजरच्या ताहुआ भागात आयसिसच्या मानल्या गेलेल्या टोळ्यांनी एका दिवसात 137 गावकरी मारले. जेएनआयएमची रीत जास्त करून नाकेबंदीची: बुर्किना फासोचं जिबो शहर 2022 पासून तिने असंच गुदमरवून ठेवलं. पण म्हणून तिला मवाळ समजणं मोठी चूक ठरेल. ऑगस्ट 2024 मध्ये बुर्किना फासोतल्याच बार्सालोगो इथे सैन्याच्या सांगण्यावरून खंदक खणणाऱ्या नागरिकांवर तिने गोळीबार केला आणि शेकडो माणसं गेली. सप्टेंबर 2025 पासून तिने मालीत येणारे इंधनाचे टँकर अडवायला आणि जाळायला सुरुवात केली, आणि काही आठवड्यांत राजधानी बामाकोत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. तिन्ही देशांत लष्कराने सत्ता घेतली ती ‘आम्ही सुरक्षा देऊ’ म्हणत. बळी कमी झाले नाहीत.

दूरवर घाव घालण्याची जी रीत एकेकाळी अल कायदाची ओळख होती, ती आता आयसिसच्या अफगाण शाखेने उचलली आहे. ही खोरासान शाखा तालिबानचीही शत्रू आहे. तिने 2024 मध्ये जानेवारीत इराणच्या केरमान शहरात आणि मार्चमध्ये मॉस्कोच्या सभागृहात मोठं हत्याकांड घडवलं. तालिबानच्या आसऱ्याला असलेला अल कायदाचा जवाहिरी मात्र 2022 मध्ये काबूलच्या घरात ड्रोनने मारला जाईपर्यंत बहुतांशी चित्रफितींपुरताच उरला होता.

भारताचा आयसिसशी थेट संबंध आला तो मुख्यतः 2014 मध्ये. मोसुलमध्ये आयसिसने 39 भारतीय कामगारांना पळवलं, आणि ते मारले गेल्याचं सरकारने मार्च 2018 मध्ये संसदेत सांगितलं. कल्याणचे चार तरुणही त्याच वर्षी इराकला गेले. पण मुंबईवरचा 26/11 चा हल्ला या दोन्ही खात्यांत घालता येत नाही. तो लष्कर-ए-तैयबाचा होता आणि तिचा आलेख राज्य कोसळण्यावर अवलंबून नाही. तिच्यामागे पाकिस्तान हे उभं राज्य आहे. 26/11 च्या कटातल्या डेव्हिड हेडलीने मुंबईच्या न्यायालयासमोर 2016 मध्ये दिलेल्या साक्षीत आयएसआयचे अधिकारी वारंवार आले. काश्मीरमध्ये 2001 मध्ये हिंसेत चार हजारांहून अधिक माणसं मेली होती आणि 2012 मध्ये दीडशेहूनही कमी. मधल्या काळात इराकसारखं कोणतंही शहर कुणाकडून जिंकून घेतलं गेलं नव्हतं. नियंत्रण रेषेवर 2003 मध्ये युद्धविराम झाला, कुंपण उभं राहिलं, आणि पाकिस्तानवर बाहेरून दबाव आला.