कोल्हापुरातल्या पायवाटा : संस्थानी बागा आणि पंचगंगाकाठ

कोल्हापुरात पायी फिरायच्या ज्या वाटा आहेत त्या कुणी एकदाच नकाशा काढून आखलेल्या नाहीत, त्यामुळे बाणाच्या पाट्या, किलोमीटरचे खांब असलं काही बहुतेक ठिकाणी मिळत नाही. काही वाटा संस्थानाच्या काळातल्या बागा, तळी आणि राजवाड्यांच्या आवारातून जातात, काही पंचगंगेच्या काठानं उसातल्या पाणंदींनी जातात, आणि काही देवाला चालत जाणाऱ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मळून तयार केल्यात. या तिन्ही मिळून जे जाळं होतं त्याची ही नोंद. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला पाहिजे, कुठली वाट कधी चालू आणि कधी बंद हे इथं माणूस ठरवत नाही, नदी ठरवते.

शहरातली सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे टाऊन हॉल बाग. सीपीआर दवाखान्याला लागून आहे, जुनी मोठी झाडं, सावली भरपूर, आणि मधोमध गॉथिक धाटणीची टाऊन हॉलची इमारत, जी १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मांट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधली गेली. आता तिथं वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरी टेकडीवर जे उत्खनन झालं त्यात सापडलेल्या वस्तू इथं ठेवल्यात, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, म्हणजे सातवाहन काळात रोमशी चाललेल्या व्यापाराचा माल पंचगंगेच्या काठापर्यंत पोचत होता याचा हातात धरता येईल असा पुरावा. बागेत रोज फिरणाऱ्यातले निम्मे लोक आत कधी गेलेले नसतील असं वाटतं, पण तो त्यांचा प्रश्न. इथून जवळच नर्सरी बागेत राजर्षी शाहू महाराजांची समाधी आहे.

मांटचंच दुसरं काम म्हणजे न्यू पॅलेस, १८७७ ते १८८४. काळा घडीव दगड, मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ, आणि भोवती मोठं आवार ज्यात तळं, हरणं, पक्षी वगैरे. मांट १८८१ लाच वारला, म्हणजे राजवाडा पुरा झालेला त्यानं बघितला नाही. आतल्या शहाजी छत्रपती म्युझियमला तिकीट आहे आणि वेळ ठरलेली आहे, सो हे पहाटेच्या वॉकचं ठिकाण नाही, सावकाश दुपारी बघायचं. पण राजवाड्यावरून कसबा बावड्याकडं जाणारा रस्ता मात्र चालायला चांगला, सर्किट हाऊस, कलेक्टर ऑफिस असा सगळा जुन्या कारभाराचा पट्टा लागतो, झाडं अजून बऱ्यापैकी टिकून आहेत, आणि पुढं लक्ष्मी विलास पॅलेस येतो जिथं २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म झाला. बावडा ओलांडला की घरं संपतात, ऊस लागतो आणि उतारानं तुम्ही नदीवर येता, राजाराम बंधाऱ्यापाशी. शहराच्या मधून निघून राजवाड्याच्या आवारावरून थेट नदीपर्यंत अशी ही एकच सरळ वाट आहे, आणि नवख्या माणसाला एकच वाट सांगायची झाली तर हीच सांगावी.

राजाराम बंधारा कोल्हापूर पद्धतीचा, ज्याला सगळ्या राज्यात के.टी. वेअर म्हणतात त्यातला के म्हणजे कोल्हापूरच. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी सगळे बरगे काढून नदी मोकळी करायची. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी लावून मधे माती भरायचे, आता लोखंडी बरगे जास्त दिसतात. वरून पलीकडं वडणगे, निगव्याकडं जाता येतं, म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात ही चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची लाडकी जागा. पावसाळ्यात मात्र हाच बंधारा सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी असतो कारण पंचगंगेची पातळी इथंच मोजतात, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. बंधारा पाण्याखाली गेला ही बातमी आली की काठावरच्या सगळ्या पाणंदी गेल्या असं समजायचं आणि गुडघाभरच पाणी आहे म्हणून बंधाऱ्यावर उतरायचं नाही, ओढ वरून दिसत नाही.

नदीकाठचा दुसरा तुकडा पंचगंगा घाटाचा. दगडी पायऱ्या, दीपमाळा, पात्रालगतची छोटी छोटी देवळं जी दर पावसाळ्यात पाण्यात बुडतात आणि परत वर येतात, आणि बाजूला ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा शिवाजी पूल. वर ब्रह्मपुरीची टेकडी. टेकडी म्हटलं तरी फार चढ नाही, पण कोल्हापूरची सगळ्यात जुनी वस्ती इथली, त्यामुळं पायाखाली काय आहे ते माहीत असेल तर चालायला वेगळी मजा. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाटावर हजारो पणत्या लावतात, त्या दिवशी मात्र फिरणं वगैरे विसरा, पाय ठेवायला जागा नसते. घाटाची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, जयंती नाल्यासारखे शहरातले नाले या नदीला येऊन मिळतात आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं की वास येतो, फेसही दिसतो. नदीच्या प्रदूषणावर इथं वर्षानुवर्षं आंदोलनं चाललीत आणि कोर्टकचेऱ्याही.

शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीवरून प्रयाग चिखलीला जायची वाट म्हणजे खरा नदीकाठचा मुलूख. दोन्हीकडं मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, काळी जमीन, ऊसच ऊस, आणि हंगामात गुऱ्हाळं चालू असली की काहिलीतल्या रसाचा वास लांबूनच येतो. गुऱ्हाळावर थांबून रस, काकवी नाहीतर गरम गूळ मागितला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, पैसे घेतीलच असंही नाही, पण विचारून जावं. प्रयागला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांचा संगम मानतात आणि इथून पुढं ती पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत. संक्रांतीपासून माघस्नानाला इथं लोक येतात. चिखली आणि आंबेवाडी ही पुराची गावं, म्हणून त्यांचं पुनर्वसन वरच्या अंगाला सोनतळीला झालंय, पण जमिनी खाली, जनावरं खाली, त्यामुळं बऱ्याच घरांचा एक पाय इकडं आणि एक तिकडं. चालताना जुन्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेषा दिसतात त्या नीट बघा, काही माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत.

रंकाळा तलावाबद्दल मोठं लिहायची गरज नाही कारण कोल्हापूरचा माणूस पाहुण्याला आधी तिथंच नेतो. आधी इथं दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड इथलाच असं सांगतात. पूर्वेला चौपाटी, काठानं पद्माराजे उद्यान, पाण्यात संध्यामठ जो पाणी उतरलं की पूर्ण दिसतो, आणि पश्चिमेला शालिनी पॅलेस, १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला, नंतर काही वर्षं त्यात हॉटेल होतं. काठावरच्या नंदीची गोष्टही इथलीच, तो रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो आणि ज्या दिवशी तळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. सकाळी सहाला चौपाटीच्या बाजूला एवढी गर्दी की चालण्यापेक्षा नमस्कार-चमत्कारच जास्त, शांत पाहिजे असेल तर शालिनी पॅलेसच्या अंगानं जावं, हिवाळ्यात वारकरी पक्ष्यांचे थवे, पाणकावळे, खंड्या तिकडं बरे दिसतात. केंदाळ (जलपर्णी) वाढलं की मात्र सगळीकडं सारखीच तऱ्हा. रात्री फिरून झालं की गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं समोर पिळलेलं धारोष्ण दूध, हा त्या वॉकचाच भाग धरतात.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकर, १९६२ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा बराचसा माळ होता, आता झाडं आहेत, तळी आहेत, मोर आहेत. रस्ते रुंद आणि गाड्या कमी म्हणून ज्येष्ठ मंडळींना हे बरं पडतं. दक्षिणेला कळंबा तलाव आणि त्याच्या मागं कात्यायनीचा डोंगर, तिथं थोडी चढण आहे, पहिल्या पावसानंतर आठवडाभरात सगळं हिरवं होतं आणि मग रविवारी तिथं पार्किंगला जागा मिळत नाही.

आता देवाच्या वाटा, ज्या खरं तर सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात जास्त चाललेल्या. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे, म्हणजे डोंगरावर चालत जायच्या वाऱ्या, असतात. जोतिबा सोडून चालले होते तेव्हा अंबाबाई त्यांना थांबवायला इथून अनवाणी डोंगरावर गेली अशी कथा आहे, म्हणून भाविकही पहाटे पंचगंगेत अंघोळ करून अनवाणी निघतात, शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग चढ. वाटेतल्या गावांत चहापाण्याची सोय लोक स्वतःहून करतात. चालायची सवय नसलेला माणूसही गर्दीबरोबर वर जातो, उतरताना मात्र गुडघे बोलतात. आषाढी एकादशीला नंदवाळची दिंडी, नंदवाळला प्रतिपंढरपूर मानतात, पुईखडीला रिंगण होतं आणि नेमका त्याच सुमारास पाऊस असतो त्यामुळं भिजूनच जायचं. आषाढातच त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, जत्रा, नदीला आलेलं नवं पाणी कळशीत भरून गल्ल्यागल्ल्यांतून पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, म्हणजे नदी ते टेकडी असं अख्खं शहर आडवं चालून जातात. ट्रेलची पुस्तकी व्याख्या काहीही असो, कोल्हापूरचा माणूस नदीला धरून सगळ्यात जास्त चालतो ते याच निमित्तानं.

काळ कुठला बरा, तर दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत. ऊसतोड सुरू झाली की पाणंदी मोकळ्या दिसतात पण ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या भरून येतात, त्यांना वाट आधी द्यायची. उभ्या उसाच्या पाणंदीत एकट्यानं अंधारात शिरू नये, साप असतातच आणि डोंगराकडच्या बाजूला गव्यांचे कळपही कधी कधी शेतात उतरतात. कोल्हापुरी चपला घालून मळीच्या चिखलात जाणाऱ्याला गावकरी हसतात, चामडं भिजलं की गेलं, साधे रबरी बूट बरे. बांधावरून जाताना पीक तुडवायचं नाही आणि चालू मोटारीच्या पाइपला पाय लावायचा नाही, एवढं पाळलं तर कुणी अडवत नाही.

शहराबाहेर लांबची वाट पाहिजे असेल त्यांच्यासाठी पन्हाळा ते पावनखिंड, साधारण पन्नासेक किलोमीटर, बहुतेक जण दोन दिवसांत करतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती १३ जुलै १६६० ची तारीख धरून दरवर्षी जुलैत मोठमोठे ग्रुप मसाई पठारावरून निघतात. जळवा, चिखल, धुकं आणि भरलेले ओढे असा सगळा मामला असतो, वाड्यावस्त्यांवर मुक्कामाची सोय होते पण ती आधी बोलून ठेवावी लागते, आणि खिंडीतून परतीची गाडीही आधीच ठरवून ठेवलेली बरी.