डायकास्ट विमान पारखण्याच्या कसोट्या कुठून आल्या

प्रवासी विमानाचं डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेलं, मॉडेल हातात आलं की मुरलेला संग्राहक आधी नाकाचा आकार बघतो. मग कॉकपिटच्या काचा, पंख आणि धड यांच्यातला सांधा, इंजिनांची जात, शेपटीजवळचं रजिस्ट्रेशन, म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक. वजनाकडे त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हा क्रम जवळजवळ उलटा होता. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला नजर कमी होती असं नाही. ज्या काळात जे बनवता येत होतं, त्यावरच त्या काळातली पारख बेतलेली होती. त्यामुळे आजच्या प्रत्येक कसोटीमागे ओतकामातली, छपाईतली किंवा संदर्भांच्या उपलब्धतेतली एखादी घडामोड सापडते.

सुरुवात खेळण्यांपासून झाली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्याने, 1934 साली 'डिंकी टॉइज' या नावाखाली विमानं विकायला काढली. पहिल्याच संचात इम्पीरियल एअरवेजचं प्रवासी विमान होतं. ही विमानं ठरावीक स्केलची, म्हणजे खऱ्या विमानाशी एकाच प्रमाणात लहान केलेली, नव्हती; डब्यात आणि मुलाच्या मुठीत मावेल तेवढा आकार, इतकाच हिशेब. विमान ओळखू यावं, पंखे फिरावेत, पडलं तरी मोडू नये आणि हाताला जड लागावं, यापलीकडे कुणाची अपेक्षा नव्हती. जड म्हणजे अस्सल, हा समज तेव्हापासूनचा. तो अजून पुरता गेलेला नाही.

वजनाच्या या कौतुकाखाली एक खरा धोका दडलेला होता. डायकास्टसाठी जो मिश्रधातू वापरतात त्याला अमेरिकेत झमॅक आणि ब्रिटनमध्ये मझॅक म्हणतात. न्यू जर्सी झिंक कंपनीने तो 1929 साली विकसित केला. त्यात मुख्यत्वे जस्त, सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम आणि जोडीला थोडं मॅग्नेशियम व तांबं असतं. जस्त अतिशय शुद्ध असेल तर हा धातू पिढ्यानपिढ्या टिकतो. पण त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश शिरला, तर दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत सरकत जातो. धातू फुगतो, त्याला तडे जातात, शेवटी बोटाच्या दाबाने तो भुगा होतो. याला 'झिंक पेस्ट' (pest), म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी विमानांत हा रोग सर्रास दिसतो. पंख किंचित वाकलेले असतात, रंगाखाली बारीक फोड असतात, धडाच्या पोटाशी केसासारखी चीर असते. जुनं मॉडेल घेताना रंग किती उडालाय हे बघण्याआधी हे तीन ठिकाणी तपासावं, असं मी ठामपणे सांगेन. उडालेला रंग ही फक्त वयाची खूण आहे. झिंक पेस्टवर मात्र इलाज नाही.

युद्धानंतर डिंकीने कॉमेट आणि व्हायकाउंटसारखी नवी विमानं आणली आणि त्यांच्यावर विमान कंपन्यांचे रंगही चढले. तिथून लिव्हरी, म्हणजे कंपनीची रंगसंगती आणि चिन्हं, हा पारखण्याचा विषय झाला. त्या काळी अक्षरं आणि पट्टे बहुतेक डेकलने, म्हणजे वरून चिकटवायच्या छापील पातळ चित्राने, लावत. डेकल पिवळं पडतं, कडेने सुटतं, वाकड्या पृष्ठभागावर सुरकुतते. हे चित्र टॅम्पो छपाईने बदललं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत सिलिकॉनच्या मऊ गादीने शाई उचलून गोलाईवर छापण्याचं तंत्र व्यवहारात आलं आणि पुढे खेळण्यांच्या धंद्यात ते सगळीकडे पसरलं. कोरलेल्या पट्टीवरची शाई गादी उचलते आणि विमानाच्या धडाला टेकून तिथे सोडते. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी, वेगळा ठसा.

या तंत्राने नव्या चुका जन्माला घातल्या आणि त्यांच्याबरोबर नव्या कसोट्याही. डाव्या बाजूचा पट्टा नाकावर उजव्या बाजूच्या पट्ट्याला नेमका मिळतो का? खिडक्यांची ओळ पट्ट्याच्या मधोमध बसते की खाली घसरते? लाल रंगावर छापलेलं पांढरं अक्षर गुलाबी तर दिसत नाही? 1:400 स्केलला, म्हणजे खऱ्याच्या चारशेव्या हिश्शाला, जम्बोची (बोइंग 747 ची) खिडकी जेमतेम एक मिलिमीटर उंच असते. एअर इंडियाच्या 747 वर प्रत्येक खिडकीभोवती लाल महिरप होती. ती महिरप सगळ्या खिडक्यांभोवती सारखी बसवणं ही छपाईची कडक परीक्षा आहे. अमेरिकन एअरलाइन्सच्या पूर्वीच्या उघड्या चकचकीत धातूच्या विमानांची अडचण निराळी. राखाडी रंग दिला तर विमान निर्जीव दिसतं, क्रोमसारखी झिलई दिली तर खेळण्यासारखं. दोन्हींच्या मधली छटा ज्याला साधली त्याचं काम पक्कं.

संग्रह या अर्थाने खरी घडी बसली ती ठरावीक स्केल आल्यावर. जर्मनीतल्या शाबाक कंपनीने 1:600 ची प्रवासी विमानं काढली. बव्हेरियातल्या डीटेनहोफेनची हेर्पा, जी तोवर 1:87 च्या मोटारींसाठी प्रसिद्ध होती, ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 1:500 घेऊन उतरली. त्या दशकाच्या शेवटी ड्रॅगन विंग्ज आणि जेमिनी जेट्स यांनी 1:400 रुजवलं. बोइंग 747-400 ची लांबी 70.6 मीटर, म्हणजे हे विमान 1:600 ला 11.8 सेंटिमीटर, 1:500 ला 14.1, 1:400 ला 17.7 आणि 1:200 ला 35 सेंटिमीटरच्या थोडं वर भरतं. स्केल एक झाल्यावर दोन विमानं शेजारी ठेवून ताडता येऊ लागली, आणि एखादं विमान त्याच्या शेजाऱ्यापुढे उगाच लठ्ठ दिसलं की चूक लपेना.

इथे गणित निर्दय होतं. 1:400 ला अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर 20 सेंटिमीटरचं भगदाड. पत्र्यांचे जोड दाखवायला दहावा हिस्सा मिलिमीटर रुंद खाच कोरली, तरी ती प्रत्यक्षात 4 सेंटिमीटरची चर होते. म्हणून खोल कोरलेल्या रेषा दिसायला 'डिटेल' वाटल्या तरी त्या आकाराशी बेइमानी करतात. हलक्या छापलेल्या रेषा जास्त खऱ्या. पंखाच्या मागच्या कडेचंही तेच. साच्यात धातू पूर्ण भरावा आणि थंड झाल्यावर तुकडा न अडकता बाहेर यावा, यासाठी ती कड काही प्रमाणात जाड ठेवावीच लागते. ही जाडी ज्याने कमीत कमी राखली आणि पंख तरीही सरळ ठेवला, त्याच्या साच्यामागे मेहनत आहे असं समजावं.

पंख धडाला कसा जोडायचा यावर संग्राहकांत दोन तट आहेत. एका पद्धतीत दोन्ही पंख आणि पोटाचा भाग मिळून एकच तुकडा असतो आणि धड त्यावर बसवतात. जोड भक्कम होतो, पंखांचा कोन दोन्हीकडे सारखा राहतो, पण धडाच्या बाजूने एक शिवण दिसते आणि ती बहुतेकदा लिव्हरीच्या पट्ट्याच्या आसपासच येते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पंख धडातल्या खाचेत वेगळा शिरतो. पंखाची मुळं नैसर्गिक दिसतात, पण बसवणाऱ्याचा हात चुकला की एक पंख वर, एक खाली. मला दुसरी पद्धत आवडते. समोरून पाहून पंख समान असल्याची खात्री करून घेता येते. शिवणीचं मात्र काही करता येत नाही.

साचा बनवणं महाग, म्हणून एकाच साच्यावर शक्य तितक्या कंपन्यांचे रंग चढवायचे हा धंद्याचा जुना रिवाज. त्यातून 'हे नेमकं कोणतं विमान?' हा प्रश्न पुढे आला. 747-400 ला तीन घराण्यांची इंजिनं मिळत. ब्रिटिश एअरवेजकडे रोल्स-रॉइस, केएलएम आणि लुफ्तान्साकडे जनरल इलेक्ट्रिक, युनायटेड आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे प्रॅट अँड व्हिटनी. रोल्स-रॉइसचं आवरण इंजिनाच्या शेवटापर्यंत जातं, बाकी दोघांत ते आधीच संपतं आणि आतला गाभा मागे डोकावतो. ब्रिटिश एअरवेजच्या रंगातल्या मॉडेलखाली असा डोकावणारा गाभा दिसला, तर छपाई कितीही सुरेख असो, ते विमान कधी अस्तित्वातच नव्हतं. 737-300 च्या इंजिनाचं तळाशी चपटं झालेलं आवरण जर गोल गरगरीत केलेलं असेल, तर तेही त्याच माळेतलं.

या काटेकोरपणाला बळ मिळालं ते 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, इंटरनेटवर विमानांच्या छायाचित्रांचे साठे उभे राहू लागले तेव्हा. रजिस्ट्रेशन टाकलं की तेच विमान, त्याच वर्षी, त्याच रंगात दिसू लागलं. पाठीवर अँटेना किती, उपग्रहाशी बोलणारा घुमट कुठे, शेपटीवरचं चिन्ह किती कललेलं, हे सगळं ताडता येऊ लागलं. अँटेना आधी मुळात नसायच्या. मग साच्यातच जाड उंचवटे आले. आता त्या वेगळ्या बनवून बसवतात. पण याच काळात भिंगातून काढलेल्या फोटोंनी पारख थोडी वाकडीही केली. दहापट मोठ्या चित्रात छपाईचा एक ठिपका डोळ्यात खुपतो आणि संपूर्ण नाक दोन मिलिमीटर बुटकं आहे हे सुटून जातं. मॉडेल हातभर अंतरावरून, डोळ्याच्या पातळीला धरून, आधी बाजूने आणि मग समोरून बघावं. ते चाकांवर कसं उभं आहे, नाक उगाच वर उचललेलं आहे का, पुढच्या काचांची 'नजर' खऱ्या विमानासारखी आहे का, हे तिथूनच कळतं. 707, 727 आणि 737 यांच्या कॉकपिटचा वरचा भाग मूळ विमानांत एकसारखाच आहे. म्हणून या तिघांची मॉडेलं शेजारी ठेवली की कुणाच्या साच्यात नाक चुकलंय ते चटकन उघडं पडतं.

अलीकडे ही छाननी आणखी मागे सरकली आहे. उत्पादक नव्या साच्याचे संगणकीय आराखडे आणि पहिले नमुने आधीच दाखवतात. संग्राहक त्यावर खऱ्या विमानाचा फोटो ठेवून काचांचा कोन, शेपटीची उंची, इंजिनांमधलं अंतर मोजतात. काही वेळा त्या सूचना मान्य होऊन साचा दुरुस्त होतो आणि बाजारात येणाऱ्या पहिल्या विमानाचं नाक आराखड्यातल्यापेक्षा वेगळं निघतं.